मेंदूची गोळी राहू दे, आधी हा रिपोर्ट नीट बघ

पत्र : ताई, वय ४३, नौपाड्यात राहते, ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्स बघते. गेले सात-आठ महिने डोकं चालतच नाहीये. एकच इन्व्हॉइस दोनदा एंटर करते, मीटिंगमध्ये साधा शब्द आठवत नाही, परवा ट्रेनमध्ये बसले होते आणि ऐरोली कधी गेलं कळलंच नाही, कोपरखैरणेला उतरले. गोखले रोडवर जाते आणि काय घ्यायला आले तेच विसरते. मिस्टर म्हणतात वय झालं तुझं. नणंदेने ब्रेन फॉगवर एक व्हिडिओ पाठवला, त्यात बघून जिंको, अश्वगंधा आणि ओमेगा मागवलं, केसांसाठी बायोटिन आधीपासून चालूच आहे, आणि फुल बॉडी चेकअपमध्ये व्हिटॅमिन डी कमी आलं म्हणून मेडिकलवाल्याने पावडरची पाकिटं दिली ती आठवडाभर रोज एक घेतली. तरी फरक नाही. रिपोर्टचा फोटो पाठवतेय. आम्ही प्युअर व्हेज, अंडंसुद्धा नाही. ॲसिडिटीमुळे पॅन्टोप्रॅझोल दोन-तीन वर्षं रोज सकाळी. घरात आयोडिनवालं मीठ बंद केलंय, सैंधवच वापरतो. (पाळी जरा जास्त जाते हल्ली, पण ते वयामुळे असेल.) मला फक्त सांगा, मेंदूसाठी सगळ्यात चांगलं सप्लिमेंट कुठलं?
— विसराळू, नौपाडा

उत्तर :

अगं विसराळू, तू चार-पाच डबे मागवलेस आणि तुझ्या रिपोर्टमध्ये जे खरंच कमी आहे त्यातलं एकही त्या डब्यांत नाही, म्हणजे डी सोडलं तर, आणि डी तू इतकं घेतलंस की त्याबद्दल आधी बोलायला लागणार. त्यामुळे सगळ्यात चांगलं सप्लिमेंट कुठलं याचं उत्तर मी देणार नाहीये. काय कमी आहे, आणि मुख्य म्हणजे ते कमी का झालं, हे बघूया. हा दुसरा प्रश्न कोणी विचारतच नाही, गोळी सुरू होते, तीन महिन्यांनी बंद होते, सहा महिन्यांनी परत तेच. आणि एक, मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही, तेव्हा हे वाचून झालं की रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जायचंच आहे.

आधी ती पाकिटं. त्या एका पाकिटात ६०,००० युनिट असतात आणि ते *आठवड्यातून* एकदा घ्यायचं असतं, साधारण आठ आठवडे, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. तू सात दिवसांत सव्वाचार लाखांच्या जवळ गेलीस. घाबरून जाऊ नकोस, पण आजपासून बंद, आणि रक्तातलं कॅल्शियम एकदा बघून घे. डी हे बी किंवा सी सारखं लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठून राहतं, आणि फार झालं की कॅल्शियम वाढतं, मग तहान, बद्धकोष्ठता, मळमळ, आणि गंमत म्हणजे डोक्यात गोंधळ! तुझं डी १४ आहे, २० च्या खाली कमीच धरतात, म्हणजे भरून काढायलाच हवं, पण डी कमी असलं की अंग दुखणं, स्नायू ओढल्यासारखे होणं वगैरे जास्त होतं, तुझ्या विसरण्याचा मुख्य गुन्हेगार तो मला वाटत नाही. आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात फिरलं की डी मिळतं असं जे सगळे सांगतात ना, उपवन तलावावर पहाटे चालून तब्येत छान होईल पण डी फारसं नाही मिळणार, त्याला लागणारे किरण साधारण अकरा ते दोनच्या उन्हात असतात, आणि ऑफिसच्या काचेतून ते आत येत नाहीत. लंच ब्रेकमध्ये हात उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेर, बस.

आता रिपोर्टच्या पहिल्या पानावर ये. हिमोग्लोबिन १०.९, बाईला १२ तरी पाहिजे. त्याच्या खाली एमसीव्ही ८७, समोर नॉर्मल लिहिलंय, त्यामुळे तुला कोणी काही बोललं नसणार. पण त्याच्या खाली आरडीडब्ल्यू १७.८ आहे आणि त्याला लाल रंग आहे, तो बघितलास? एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी१२ कमी असलं की मोठ्या होतात, आणि दोन्ही एकदम कमी असलं की काही लहान काही मोठ्या आणि सरासरी येते एकदम नॉर्मल! आरडीडब्ल्यू सांगतो की पेशी एकसारख्या नाहीत, कमी-जास्त आकाराच्या आहेत. तुझं बी१२ १६२ आहे, २०० च्या खाली म्हणजे सरळ कमी. मग लोहाचं काय, तर ते तुझ्या पॅकेजमध्ये तपासलेलंच नाही! ऐंशी टेस्ट आणि त्यात फेरिटिन नाही, म्हणजे लोहाचा साठा किती शिल्लक आहे तेच बघितलेलं नाही. ही एक टेस्ट वेगळी सांगून करून घे.

बी१२ बद्दल जरा सविस्तर, कारण शब्द न आठवणं, लक्ष न लागणं, चिडचिड, हे सगळं त्याच्यात बसतं. नसांच्या वरचं आवरण धड ठेवायला आणि नवीन रक्तपेशी बनवायला ते लागतं, आणि ते फक्त प्राण्यांपासून येणाऱ्या पदार्थांत असतं. म्हणजे व्हेज माणसाला दूध, दही, ताक, पनीर एवढाच आधार. दिवसाला लागतं दोन-अडीच मायक्रोग्रॅम आणि कपभर दुधातून मिळतं साधारण एक. तू पत्रात लिहिलं नाहीयेस पण माझा अंदाज आहे की तुझ्या पोटात जाणारं दूध म्हणजे दोन चहांतलं, फार तर रात्री वाटीभर दही. मोड आलेल्या कडधान्यात, आंबवलेल्या इडलीत, स्पिरुलिनामध्ये बी१२ असतं असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून दे, स्पिरुलिनात जे असतं ते दिसायला तसंच पण शरीराला उपयोग नसलेलं.

आता का कमी झालं. व्हेज आहेस हे एक कारण, पण व्हेज तू जन्मापासून आहेस आणि डोकं गेल्या सात-आठ महिन्यांतच बिघडलंय. मधे काय आलं, तर पॅन्टोप्रॅझोल. दुधातलं बी१२ प्रोटीनला चिकटलेलं असतं, ते सुटं करायला पोटात ॲसिड लागतं, आणि तू तेच ॲसिड रोज सकाळी बंद करतेस. दोन वर्षांपेक्षा जास्त घेणाऱ्यांमध्ये बी१२ कमी होण्याची शक्यता वाढते हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे, फक्त गोळी कधी बंद करायची हे कोणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही. लोह शोषायलाही तेच ॲसिड लागतं. पण म्हणून उद्या सकाळी पॅन्टोप्रॅझोल फेकून देऊ नकोस, एकदम सोडलं की ॲसिड उसळून येतं आणि माणूस दुप्पट घ्यायला लागतो, डॉक्टरांना विचार की हळूहळू कशी कमी करू, आणि मुळात इतकी वर्षं ॲसिडिटी का आहे ते पण बघायला सांग.

यजमानांचा विषय निघालाच आहे तर, त्यांना शुगरची गोळी चालू आहे का? मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही बी१२ कमी होतं, आणि ते पण तुझ्यासारखेच व्हेज असणार. वयाचं निदान करण्याआधी त्यांनी स्वतःचं बी१२ करून घ्यावं, माझ्यातर्फे सांग.

उपचारात इंजेक्शन की गोळी ते डॉक्टर ठरवतील. पायात मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, जीभ लाल आणि गुळगुळीत झालीय का, हे त्यांना आवर्जून सांग, कारण नसांवर परिणाम झाला असेल तर सहसा इंजेक्शनच देतात आणि त्यात उशीर करायचा नसतो, फार काळ गेला तर काही गोष्टी पूर्ण परत येत नाहीत. नाहीतर रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळीही चालते, लागतं दोन आणि गोळी हजाराची का असं वाटेल, तर एवढ्या मोठ्या डोसमधला एखादा टक्का काही मदत न लागता आपोआप शोषला जातो, तेवढा पुरतो. गोळीतलं बी१२ सुटंच असतं म्हणून ॲसिडची भानगड पण नाही. एक मात्र लक्षात ठेव, नुसती फॉलिक ॲसिडची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करायची नाही. त्याने रक्त सुधारतं, रिपोर्ट छान दिसतो आणि बी१२ ची कमतरता आतल्या आत नसा खराब करत राहते.

आता कंसातलं वाक्य. अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ तू कंसात टाकलीस! आपल्याकडे बायका हे असंच सांगतात, जाता जाता, दारात चप्पल घालताना. जास्त जाते म्हणजे किती? दर तासा-दोन तासाला पॅड बदलायला लागतं का, गाठी पडतात का, सात दिवसांच्या वर चालतं का, रात्री उठायला लागतं का? यातलं काहीही हो असेल तर वयामुळे म्हणून सोडायचं नाही, गायनॅककडे जायचं, सोनोग्राफी करायची, गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे गाठ, आहे का बघायचं. कारण दर महिन्याला जेवढं लोह जातंय तेवढं तू गोळीने भरलंस तरी नळ चालूच राहणार. देशाच्या २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता, म्हणजे लोकलच्या लेडीज डब्यात अर्ध्याहून जास्त जणींना, आणि बहुतेक सगळ्या त्याला दगदग म्हणतात. शिवाय हिमोग्लोबिन खाली येण्याच्या कितीतरी आधी साठा संपलेला असतो, तेव्हापासूनच दम लागणं, केस गळणं, कामात लक्ष न लागणं सुरू होतं. हो, तू ज्या केसांसाठी बायोटिन खातेयस ते केससुद्धा बहुतेक याच्यामुळेच गळतायत.

फेरिटिन कमी आलं (आणि येणारच असं मला वाटतंय, ३० च्या खाली असेल तर बरेच डॉक्टर उपचार करतात) तर लोहाची गोळी मिळेल. ती घ्यायची पद्धत गोळीइतकीच महत्त्वाची आहे. चहासोबत नाही, दुधासोबत नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबत तर नाहीच. उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर, आणि पोट दुखलं तर जेवणानंतर. एक दिवसाआड घेतली तर शोषण जास्त चांगलं होतं असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलंय आणि पोटालाही त्रास कमी होतो, तेव्हा रोज सहन होत नसेल तर बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना हे विचार. संडास काळी होईल, घाबरायचं नाही. हिमोग्लोबिन नॉर्मल झालं की सगळे गोळी बंद करतात, ते करायचं नाही, पुढे अजून तीनेक महिने घ्यायला लागते तेव्हा कुठे साठा भरतो.

खाण्याचं म्हणशील तर खजूर, गूळ आणि बीट याच्यावर फार भरवसा ठेवू नकोस, बीटाचा रंग लाल आहे म्हणून रक्त वाढतं असं काही नसतं. मटकीची उसळ, हरभरे, अळीव, राजगिरा, तीळ हे बरं. लोखंडी कढईत टोमॅटो, आमसूल असं काहीतरी आंबट घालून भाजी केलीस तर कढईतलं लोह खरंच भाजीत उतरतं, फक्त भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढ नाहीतर काळी पडते. आपण कांदेपोह्यांवर लिंबू पिळतो ते अगदी बरोबर करतो, धान्या-डाळीतलं लोह सी व्हिटॅमिनबरोबर जास्त शोषलं जातं, आणि मग लगेच वर कपभर कडक चहा घेऊन सगळ्यावर पाणी फिरवतो. चहा सोडायला मी सांगत नाहीये, मला पण ठाण्यात राहायचंय! फक्त खाणं आणि चहा यात तासभर जाऊ दे. डबा संपला की लगेच ऑफिसच्या मशीनचा चहा, ही सवय तेवढी मोड.

आता थायरॉइडची टेस्ट, टीएसएच ५.८. थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वाढतो. वरची मर्यादा साधारण चार-साडेचारची असते, म्हणजे किंचित जास्त. एवढ्यावर कोणी लगेच गोळी देईलच असं नाही, पण इथे एक घोळ आहे. केसांच्या त्या गमीमध्ये बायोटिन किती आहे डब्यावर वाच, बहुतेक ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम असेल, आणि माणसाला लागतं ३० च्या आसपास. बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये टेस्टच्या प्रक्रियेतच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात जास्त बायोटिन असलं की आकडे चुकतात, टीएसएच खोटा कमी दिसू शकतो, आणि काही मशीनवर बी१२ खोटं जास्त. म्हणजे तुझा खरा टीएसएच ५.८ पेक्षा जास्त असू शकतो. तेव्हा बायोटिन बंद कर, निदान दोन-तीन दिवस, मी तर आठवडाभर म्हणेन, आणि मग टीएसएच, फ्री टी४ (थायरॉइडचं हार्मोन) आणि अँटी टीपीओ (शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करतंय का ते सांगणारी टेस्ट) करून घे, फेरिटिन आणि कॅल्शियमचं रक्त त्याच वेळी देऊन टाक म्हणजे एकाच सुईत काम होईल.

थायरॉइड कमी असेल तर डोकं जड, शब्द अडकणं, वजन वाढणं, आणि ऐक, पाळी जास्त जाणं हे सगळं त्यातही होतं. आणि थायरॉइडचं हार्मोन बनवायला लोह पण लागतं. बघ कसं एकात एक गुंतलंय, म्हणून मी म्हणते नुसतं ब्रेन फॉगचं सप्लिमेंट शोधून काही होत नाही. थायरॉइडची गोळी सुरू झालीच तर ती सकाळी उपाशीपोटी आणि लोह-कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब, हे केमिस्ट सांगत नाही, तूच लक्षात ठेव. आणि अँटी टीपीओ पॉझिटिव्ह आली आणि बी१२ गोळ्यांनी वर सरकतच नसेल तर डॉक्टरांना पर्निशियस ॲनिमिया (यात खाल्लेलं बी१२ नीट शोषलंच जात नाही) तपासायला सांग, ही दोन दुखणी बऱ्याचदा एकत्र येतात.

आणि सैंधव! ते मीठ वाईट नाही पण त्यात आयोडिन नावापुरतंच, आणि तुम्ही मासे खात नाही, मग आयोडिन येणार कुठून? उपवासाला सैंधव वापर, रोजच्या आमटी-भाजीत साधं आयोडिनवालं मीठ परत आण. डबा घट्ट बंद ठेव आणि गॅसच्या बाजूला ठेवू नकोस.

उरलेले डबे. जिंको आधी बंद, त्याने रक्तस्राव वाढू शकतो आणि तुला आधीच तोच त्रास आहे. स्मरणशक्तीसाठी म्हणशील तर अमेरिकेत तीन हजारांवर वयस्कर लोकांना वर्षानुवर्षं जिंको देऊन बघितलं, २००८ मध्ये निकाल आला, डिमेन्शिया टळला नाही. अश्वगंधा थायरॉइडचे आकडे हलवू शकते आणि क्वचित लिव्हरलाही त्रास झाल्याची उदाहरणं आहेत, निदान रिपोर्ट स्पष्ट होईपर्यंत बाजूला ठेव. ओमेगाने नुकसान नाही, तुझ्या तक्रारीवर फार फायदा होईल असंही नाही, संपव आणि परत मागवू नकोस, त्यापेक्षा जवसाची चटणी कर.

एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस, ती म्हणजे झोप. पत्राची मेल रात्री पाऊण वाजता आलीय आणि डबा करून ऑफिस गाठायचं म्हणजे साडेपाचला उठत असणार. पाच तासांच्या झोपेवर कोणाचंही डोकं असंच चालतं, बी१२ ९०० असलं तरी. घोरतेस का हे पण घरात विचार, झोपेत श्वास अडकत असेल तर सात तास झोपूनही सकाळी डोकं जडच. तुझ्या वयात पाळी जायच्या आधीची जी काही वर्षं असतात त्यातही विसरायला होतं, घाम येतो, झोप मोडते, तो भाग असू शकतो, पण तो शेवटी धरायचा, बाकी सगळं तपासून. आणि सारखं रडू येणं, कशातच मन न लागणं असं असेल तर तेही डॉक्टरांना सांग, लाजू नकोस.

बरं, अचानक बोलताना जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय गळाला, तर सप्लिमेंट नाही, रिपोर्ट नाही, ताबडतोब मोठं हॉस्पिटल. रोजच्या रस्त्यावर आपण कुठे आहोत तेच कळेनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. ट्रेनमध्ये तंद्रीत स्टेशन चुकणं त्यात येत नाही, ते आपल्याकडे मोबाईलमुळे रोज कोणाचं ना कोणाचं होतं.

फरक कधी पडेल, तर बी१२ सुरू झाल्यावर थकवा दोन-तीन आठवड्यांत कमी वाटायला लागतो, डोकं आणि मुंग्या यांना काही महिने. हिमोग्लोबिन महिन्याला एक-दीड तरी चढायला हवं, चढत नसेल तर एकतर गोळी शोषली जात नाहीये नाहीतर रक्त अजून जातंय. तीन महिन्यांनी सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची टेस्ट), फेरिटिन आणि बी१२ परत कर, तेवढंच, ऐंशी टेस्टचं पॅकेज नको.

डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या डब्यांचे मागच्या बाजूचे फोटो काढून ने, ज्यावर किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं ती बाजू. आणि शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा, किती दिवस, किती पॅड, मोबाईलमध्ये लिहून ठेव, आणि आत गेल्यावर पहिलं तेच सांग.

— ताई